चेंबूरमध्ये एअर प्युरिफायर: अकरा महिने वापरून लिहितेय (५ पैकी साडेतीन)

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेला, आता पुढची दिवाळी तोंडावर आली, तेव्हा रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. चार दिवस वापरून "सुपर प्रॉडक्ट, गो फॉर इट" लिहिणाऱ्यांचा मला राग येतो कारण मी स्वतः तसले रिव्ह्यू वाचून मिक्सर घेतला होता आणि तो अजून माळ्यावर आहे.

ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाहीये. एक तर या किमतीतली सगळी मशीन आतून एकमेकांची भावंडंच आहेत, आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच. पांढरा उभा डबा, वर गोल डिस्प्ले, त्यात पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक कणांचा) आकडा, बाजूला हिरवा-पिवळा-लाल दिवा. १३,९९९ ला पडला, सेलमध्ये. फिल्टर वेगळा २,८००, त्याची रडकथा खाली सांगते.

आधी आमचं घर कुठे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. चेंबूर, माहुलकडच्या बाजूला, तिसरा मजला. एका अंगाला रिफायनऱ्या, दुसऱ्या अंगाला देवनारचं डम्पिंग, मधून फ्रीवेची वाहतूक. जुने लोक चेंबूरला गॅस चेंबर म्हणायचे ते काय उगाच नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचऱ्याला आग लागली तेव्हा तो धूर नासाच्या सॅटेलाइट फोटोत दिसला होता, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि आमच्या आई (सासूबाई हो) चार दिवस ओला पंचा नाकाला लावून स्वयंपाक करत होत्या. धाकट्याला दमा आहे. म्हणजे डॉक्टर अजून दमा म्हणत नाहीत, "टेंडन्सी आहे" म्हणतात, पण नेब्युलायझर घरात आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो कपाटात जात नाही, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर दुकानात गेलो. तिथल्या मुलाने दोन मॉडेल दाखवली, एक साधं आणि एक साडेचार हजार महाग, त्याला म्हणे "प्लाझ्मा" आहे. मी विचारलं प्लाझ्मा काय करतो. तर म्हणाला, "मॅडम, हा हवेत फ्री रॅडिकल्स सोडतो, ते जाऊन व्हायरसला मारतात." मी एमएस्सी ऑरगॅनिक, गेली चौदा वर्षं फार्मा कंपनीच्या क्यूसी (मालाचा दर्जा तपासायच्या) लॅबमध्ये, मला हसू आवरेना. कारण त्याच मॉलमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगी मला क्रीम विकत होती आणि सांगत होती की हे फ्री रॅडिकल्स नष्ट करतं. म्हणजे वरच्या मजल्यावर पैसे देऊन घ्यायचे आणि खालच्या मजल्यावर पैसे देऊन घालवायचे! नवरा म्हणाला आता लेक्चर देऊ नकोस, मुलाला टार्गेट असतं. नाही दिलं. पण इथे देणार, कारण इथे तो थांबवू शकत नाही.

आधी त्या प्लाझ्माचं उरकून टाकते. आयोनायझर किंवा प्लाझ्मा असलेली काही मशीन थोडाफार ओझोन सोडतात, आणि ओझोन फुफ्फुसाला चांगला नाही, दम्याच्या पोरासाठी तर नाहीच नाही. कॅलिफोर्नियात घरगुती एअर क्लीनरने ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडला तर विकताच येत नाही, कायदाच आहे तसा. आपल्याकडे दुकानदार तेच फीचर म्हणून साडेचार हजार जास्त लावतो. तेव्हा साधं मॉडेल घ्या ज्यात फक्त हेपा फिल्टर (बारीक कण धरणारा, घड्यांचा), कार्बनची जाळी आणि पंखा आहे, आणि आयोनायझर असलाच तर बटणाने बंद करता येतो का ते बघून घ्या. माझ्यात आहे, बंद ठेवलाय पहिल्या दिवसापासून.

आता मशीन कसं आहे. चांगलं आहे. खरंच. बेडरूम १२ बाय ११, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३५ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती हवा फिल्टरमधून जायला हवी असा हिशोब धरला तर १७५-१८० चा सीएडीआर (तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा) लागतो, माझ्या खोक्यावर २५० लिहिलंय. पण तो २५० टर्बोवरचा, आणि टर्बोवर हा डबा दादर स्टेशनच्या जुन्या पंख्यासारखा घोंघावतो, झोप शक्य नाही. स्लीप मोडवर आवाज अजिबात नाही पण हवाही अर्ध्याहून कमी खेचतो. म्हणून आमची पद्धत अशी की झोपायच्या आधी पाऊण तास दारं-खिडक्या लावून हायवर, मग झोपताना मधल्या स्पीडवर. डिसेंबरातल्या एका रात्री खिडकी उघडी असताना डिस्प्लेवर १४६ होते, पाऊण तासात ११ झाले. ११ म्हणजे किती चांगलं, तर डब्ल्यूएचओने २०२१ ला जी मर्यादा सांगितली ती २४ तासांची १५ आणि वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम. आपली भारतातली मर्यादा २४ तासांना ६०, वर्षाला ४०. म्हणजे आपल्याकडे पास होणारा मुलगा तिकडे नापास.

हॉलमध्ये मात्र उपयोग शून्य. हॉल मोठा, त्यात किचन ओपन, आणि दार दर पाच मिनिटाला उघडतं. दूधवाला, पेपरवाला, शेजारच्या काकू. हॉलसाठी घेत असाल तर घेऊ नका, किंवा डबल सीएडीआरचा घ्या.

बिल फार येत नाही. रात्री दहा तास धरून महिन्याला ९-१० युनिट, म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेर.

आता तो डिस्प्लेवरचा आकडा. सुरुवातीचा महिना आम्ही सगळे त्या आकड्याचे गुलाम झालो होतो. आईंनी संध्याकाळी देवाजवळ उदबत्ती लावली की धाकटा बेडरूममधून ओरडायचा "आजी लाल झालं!" फोडणी पडली की ३००. एकदा मिरचीचा ठेचा केला तर ४८०, आणि मशीन स्वतःहून टर्बोवर जाऊन किंचाळायला लागलं. आई म्हणाल्या, "अगं तुझ्या मशीनला मोहरीची पण अ‍ॅलर्जी आहे का?" मच्छर कॉइल लावली तर लाल दिवा सकाळपर्यंत गेला नाही. त्या दिवशी मी कॉइलचं पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं, कारण २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगरेटींइतके पीएम २.५ कण सोडते. आता जाळी बसवलीये. आई दोन दिवस नाराज होत्या, मग त्यांनाच रात्रीचा खोकला कमी वाटला, आणि आता त्या सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटल्यात जणू शोध त्यांचाच.

हे इथवर ठीक होतं. मग जानेवारीत ती रात्र आली.

आमच्या बिल्डिंगच्या मागे कंपाउंडपलीकडे एक भंगारवाला आहे. त्याचं दुकान तसं पुढच्या गल्लीत पण मागची मोकळी जागा तो वापरतो. शनिवारची रात्र, साडेनऊच्या सुमारास जळक्या प्लास्टिकचा वास आला, घसा धरणारा, गोडसर. मी किचनच्या खिडकीतून बघितलं तर तो आणि एक पोरगा पत्र्याच्या डब्यात वायरींची भेंडोळी जाळत होते, वरचं प्लास्टिक जळून आतलं तांबं मिळावं म्हणून. आणि ज्वाळेच्या कडेला स्वच्छ हिरवा रंग. झाडाच्या पानासारखा नाही, मोरपिसातला असतो ना तसा हिरवा-निळा.

ज्यांनी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना हा हिरवा माहीत असेल. बाइलस्टाइन टेस्ट. तांब्याची तार बर्नरमध्ये लाल होईपर्यंत तापवायची, तिच्यावर नमुना लावायचा, परत ज्योतीत धरायची, आणि हिरवी ज्योत आली की समजायचं नमुन्यात क्लोरीन किंवा त्याचा भाऊबंद आहे. १८७२ ची टेस्ट आहे ही, आम्ही कॉलेजला पाच मार्कांसाठी करायचो. इथे वायरवरचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, त्यात क्लोरीन ठासून भरलेलं, आत तांबं, आणि खाली आग. भंगारवाला दर शनिवारी आमच्या मागे बाइलस्टाइन टेस्ट करत होता.

मी धावत बेडरूममध्ये गेले, खिडक्या लावल्या, मशीन बघितलं. ८८. पिवळा दिवा. फोडणीला ३०० दाखवणारं, ठेच्याला ४८० वर किंचाळणारं मशीन या धुराला ८८ म्हणत होतं, कारण धूर बराच वर निघून गेला होता आणि खिडकीच्या फटीतून आला तो थोडाच. आकडा खोटा नव्हता हं. त्या मशीनच्या आत एक छोटा लेझर असतो, हवेतल्या कणांवर उजेड पडून किती विखुरतो त्यावरून ते वजनाचा अंदाज बांधतं. कण किती हे ते सांगतं. कण कशाचा आहे आणि त्याच्या अंगावर काय बसलंय हे ते सांगूच शकत नाही. त्याच्या लेखी मोहरीच्या फोडणीचा कण आणि जळलेल्या वायरचा कण एकच.

आणि अंगावर काय बसलंय यावर तर सगळी गंमत आहे. इथून पुढे लेक्चर, कंटाळा आला तर खालच्या फिल्टरच्या भागावर जा.

फ्री रॅडिकल म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय राहिलाय असा रेणू. इलेक्ट्रॉनला जोडी लागते, एकटा पडला की तो समोर येईल त्याच्याकडून ओढून घेतो नाहीतर देऊन टाकतो. म्हणून बहुतेक रॅडिकल जन्मतात आणि तिथेच मरतात, शरीरातला हायड्रॉक्सिल रॅडिकल तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं की धुरात रॅडिकल असले तरी ते आपल्या नाकापर्यंत पोचणार कसे. पण काही रॅडिकल टिकतात. १९०० साली मोझेस गॉम्बर्ग नावाच्या माणसाने मिशिगनमध्ये पहिला टिकाऊ रॅडिकल बनवला. आमच्या लॅबमध्ये डीपीपीएच नावाचा एक बाटलीत मिळतो, फ्रिजमध्ये ठेवायचा, वर्षभर बसतो निवांत. गडद जांभळा. त्यात ग्रीन टी टाकला की पिवळा पडतो, अँटिऑक्सिडंटच्या जाहिरातीत जे आलेख दाखवतात ते बऱ्याचदा यावरच केलेले असतात. तेव्हा बाटलीत रॅडिकल राहतो हे मला माहीत होतं. हवेतल्या धुळीवर राहतो हे मात्र मी त्या हिरव्या ज्योतीच्या नंतर शोधाशोध केली तेव्हा नीट वाचलं.

या विषयावर सुरुवातीचं बरंच काम अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत झालं, बॅटन रूज नावाचं गाव. मिसिसिपी नदीच्या काठाने रिफायनऱ्या आणि केमिकलचे कारखाने, म्हणजे तिकडचं माहुलच म्हणा की. तिथल्या विल्यम प्रायर यांनी आधी सिगरेटच्या टारमधल्या टिकाऊ रॅडिकलवर काम केलं, आणि मग बॅरी डेलिंजर आणि त्यांच्या टीमने दाखवलं की शहराच्या हवेतल्या पीएम २.५ मध्ये तसलेच रॅडिकल असतात. सिगरेटमध्ये जे सापडतं, सेमिक्विनोन म्हणतात त्याला, त्याच्याच घराण्यातले.

बनतात कसे हे वाचून मी कपाळाला हात लावला. ज्वाळेच्या आत नाही बनत, तिथे फार गरम. ज्वाळेबाहेर, धूर वर जाता जाता थंड होतो, साधारण ६०० अंशापासून १०० अंशापर्यंत, त्या पट्ट्यात बनतात. धुरात तांबं, लोखंड, जस्त अशा धातूंच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि अर्धवट जळलेले फिनॉलच्या जातीचे रेणू असतात. रेणू जाऊन धातूच्या कणाला चिकटतो, गुळाच्या ढेपेला मुंगळा चिकटतो तसा, आणि चिकटल्यावर आपला एक इलेक्ट्रॉन धातूला देऊन टाकतो. आता रेणूकडे उरला एकटा इलेक्ट्रॉन, म्हणजे तो झाला रॅडिकल, पण कणाला घट्ट धरून बसलेला आणि एकटा इलेक्ट्रॉन रेणूतल्या कार्बनच्या अख्ख्या रिंगवर पसरलेला, त्यामुळे मरत नाही. किती दिवस? प्रयोगशाळेत बनवलेल्या नमुन्यांत तांब्यावर काही तास, लोखंडावर काही दिवस, आणि जस्तावर आयुर्मान आठवड्यांत मोजावं लागलं, ७३ दिवसांपर्यंत. बॅटन रूजच्या खऱ्या हवेतले नमुने ठेवून बघितले तर काहींचा सिग्नल पटकन उतरला, काहींचा हळूहळू, आणि काहींचा उतरलाच नाही. म्हणजे इथे जाळलं आणि वारा असला तर पुढच्या गावात जाऊन श्वासात शिरायला वेळच वेळ.

आणि त्यांनी प्रयोगासाठी जो नमुना कण बनवला तो कशाचा, तर सिलिकावर तांब्याचा ऑक्साइड, त्यावर क्लोरोफिनॉल, २३० अंशाला. तांबं आणि क्लोरीन! माझ्या किचनच्या खिडकीतलीच रेसिपी, फक्त त्यांची स्वच्छ काचेच्या नळीत आणि आमची पत्र्याच्या डब्यात. त्याच रस्त्याने पुढे गेलं की डायॉक्सिन नावाची जहाल विषं बनतात, ते तर वेगळंच प्रकरण.

फुफ्फुसात गेल्यावर काय करतात. इथे त्यांचा दुष्टपणा असा की ते एकदा वार करून संपत नाहीत. रॅडिकल जवळच्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग कणावरचं लोखंड-तांबं त्याचं हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं, जो समोर येईल ते फाडतो, पेशीचं आवरण असो, प्रोटीन असो, डीएनए असो. तोवर मूळचा रॅडिकल शरीरातल्याच दुसऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन परत तयार. रहाटगाडगं चालू. पेशीचा ग्लुटाथायोन नावाचा जो साठा असतो असल्या हल्ल्यासाठी, तो संपत जातो आणि सूज सुरू होते. लुइझियानातल्याच स्टेफानिया कॉर्मियर यांच्या गटाने उंदरांच्या नवजात पिल्लांना हे कण हुंगवले आणि मग फ्लूचा व्हायरस दिला, तर या पिल्लांचा फ्लू साध्या पिल्लांपेक्षा जास्त बळावला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मला माहीत आहे, मी रोज फार्मात बसते. पण घरात नेब्युलायझर असलेल्या आईने हे वाचल्यावर तिला झोप कशी यायची.

एक गोष्ट मात्र सांगते, या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा फिरतो की हवेतून तुम्ही रोज एका सिगरेटच्या ३०० पट रॅडिकल ओढता. तो कोणी मनाने रचलेला नाही, डेलिंजर यांनीच २००८ ला फिलाडेल्फियाला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात तसं म्हटलं होतं. पण "होऊ शकतं" असं होतं ते, आणि हवा बदलली, गाव बदललं, कण बदलला की हा हिशोब बदलतो. तेव्हा लगेच फॉरवर्ड करू नका. त्यापेक्षा मला चीनमधल्या शुआनवेईची गोष्ट जास्त पटते. युनान प्रांतात आहे, तिथे बायका सिगरेट जवळपास ओढत नव्हत्या तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरत होत्या, कारण घरात धूर करणारा कोळसा, तोही उघड्या चुलीत. नंतर चुलींना धुराडी बसवली तर कॅन्सरचं प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी उतरलं. त्या शुआनवेईच्या हवेतही पुढे हे टिकाऊ रॅडिकल मोजले गेलेत. म्हणजे सगळा दोष त्यांचाच असं कोणी म्हणत नाही, कोळशाच्या धुरात भानगडी पुष्कळ. पण औषध काय निघालं तर धुराडं. ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी किचनची चिमणी साफ करायला माणूस बोलावला, सहा महिने तिची जाळी तेलाने बुजलेली होती आणि आम्ही बेडरूममध्ये चौदा हजारांचं मशीन लावून बसलो होतो.

बरं, हे रॅडिकल घरी मोजता येतात का? नाही. त्यासाठी एकटा इलेक्ट्रॉन ओळखणारं ईपीआर नावाचं यंत्र लागतं, मोठं लोहचुंबक, मायक्रोवेव्ह, मुंबईत आयआयटी पवईला आहे. एमएस्सीला आमच्या सिनियरने नमुने तिथे पाठवले होते, नंबर लागायला महिना गेला. त्यामुळे कुठल्याही एअर प्युरिफायरच्या खोक्यावर "रॅडिकल ९९ टक्के नष्ट" असं दिसलं तर विचारा कुठे मोजलं. आणि सरकारी मर्यादासुद्धा सगळ्या वजनावरच आहेत, मायक्रोग्रॅममध्ये. हवेचे आकडे देणारं सरकारी समीर अ‍ॅप उघडा, नाहीतर तसलंच सफर बघा, तेच. कणाच्या अंगावर काय आहे त्याचा रकाना कुठेच नाही.

मग मशीनचा उपयोग आहे की नाही? आहे, आणि इथे मी मशीनच्या बाजूने बोलणार. हे रॅडिकल हवेत मोकळे फिरत नाहीत, कणाला चिकटलेले असतात. कण अडवला की तोही अडकला. आणि हेपा फिल्टर कण अडवण्यात उत्तम आहे. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, बारीक कण निसटणार. तसं नसतं. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, त्याहून बारीक कण इकडेतिकडे भेलकांडत जातात आणि धाग्याला चिकटतात. चांगला एच१३ (हेपाची एक प्रत) फिल्टर अवघडातल्या अवघड कणाचेही ९९.९५ टक्के धरतो. कार्बनच्या जाळीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, माझ्यातली जाळी पापडाएवढी पातळ आहे, जळकट वास दोन महिने कमी वाटला, नंतर जैसे थे.

आता फिल्टर, म्हणजे दीड मार्क गेला तो इथे.

सातव्या महिन्यात मशीनने फिल्टर बदला म्हणून दिवा लावला. काढून बघितला तर पांढऱ्याचा कोळशासारखा राखाडी-काळा झालेला, घड्यांच्या आत तर काळीकुट्ट रेघ. नवरा म्हणाला २,८०० कशाला, झटकून बघू. आणि मी अंघोळीला गेल्याची संधी साधून या माणसाने तो गॅलरीच्या कठड्यावर गादी आपटतात तसा आपटला. मी बाहेर आले तर गॅलरीत काळी धूळ, त्याच्या बनियनवर काळी धूळ, खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पण. सात महिने चेंबूरची जी हवा आम्ही पैसे देऊन गोळा केली ती परत हवेत सोडली. वर फिल्टरच्या घड्या फाटल्या. तेव्हा, झटकू नका, धुऊ नका, व्हॅक्यूम लावू नका. धुवायची ती फक्त बाहेरची जाळी, दर पंधरा दिवसांनी. जुना फिल्टर जागेवरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, मास्क लावून. त्यावरचे सगळे रॅडिकल मेलेत असं समजायचं कारण नाही.

नवा फिल्टर मागवला तर साइटवर आउट ऑफ स्टॉक. सर्व्हिसला फोन, एक दाबा, दोन दाबा, मग एक मुलगा हिंदीत म्हणाला तीन-चार दिवसांत येईल. तीन आठवडे लागले. मधल्या काळात कोणीतरी बाराशेचा "कम्पॅटिबल" फिल्टर सुचवला, आणला, तर कडेला करंगळी जाईल एवढी फट. त्या फटीतून हवा सरळ बाहेर, फिल्टर नुसता शोभेला. आकडा पाऊण तासात ११ व्हायचा तो दीड तास झाला तरी ४० वर अडकलेला. परत केला. तेव्हा मशीन घेतानाच एक जादा फिल्टर घेऊन ठेवा, नाहीतर सातव्या महिन्यात नुसता पंखा उरतो.

पावसाळ्यात आणखी एक, दमट हवेत हा सेन्सर थापा मारतो. जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस, हवा धुतलेली, आणि डिस्प्लेवर ७०. पाण्याचे थेंबही त्याला कणच. घाबरू नका.

भंगारवाल्याचं विचाराल तर, मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका गेलो त्याच्याकडे. मी भांडायच्या तयारीत, पण काका मोठे गोड बोलणारे. त्याने आधी हात वर केले, मग म्हणाला, "ताई, मला काय हौस आहे का, माझ्याच छातीत जातं ते पहिलं." आणि त्यानेच सांगितलं की जळलेलं तांबं काळं पडतं, त्याला भाव कमी, सोललेल्या लाल तांब्याला जास्त. मग जाळतोस कशाला? तर सोलायला वेळ लागतो आणि पोरगा ब्लेडने सोलताना बोट कापून घेतो. शेवटी सोसायटीतल्या नऊ घरांनी वर्गणी काढून त्याला हाताने फिरवायचं वायर सोलायचं मशीन आणून दिलं. माझ्या फिल्टरपेक्षा स्वस्त पडलं. नवरा म्हणतो चेंबूरमधला हाच खरा एअर प्युरिफायर, त्याला आपले विनोद फार आवडतात, पण आकड्यात बघाल तर तो चुकत नाहीये. मुंबई हायकोर्टाने २०२५ च्या जानेवारीत मुंबईतल्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं ते त्याच कारणाने, धूर निघतो तिथेच आवरायला सोपा. आमच्या नाक्यावरच्या बेकरीतला पाव आता गॅसवरचा आहे. आईंना चव बदलल्यासारखी वाटते, मला नाही वाटत.

तर साडेतीन मार्क. लहान बंद खोली, घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस, आणि वर्षाला पाच-साडेपाच हजार फिल्टरला घालायची तयारी, तर घ्या. धाकट्याच्या नेब्युलायझरचे दिवस गेल्या हिवाळ्यात कमी झाले. मशीनने की कॉइल गेल्याने की चिमणी साफ केल्याने ते मी सांगू शकत नाही, तिन्ही एकाच थंडीत केलं. हॉलसाठी घेऊ नका, प्लाझ्मा घेऊ नका, फोडणीला लाल दिवा लागला म्हणून आईवर ओरडू नका.

जाड वायरी भंगारवाला आता सोलतो. चार्जरच्या, हेडफोनच्या बारीक वायरी त्या मशीनमध्ये बसत नाहीत, त्या अजून जाळतो, महिन्यातून एखाद्या शनिवारी, आणि आधी काकांना मिस्ड कॉल देतो. मिस्ड कॉल आला की आम्ही साडेनऊची वाट न बघता खिडक्या लावून मशीन हायवर टाकतो.